घरचं माणूस

"आता ढकला, भाऊ. चांगला जोर लावून ढकला," विमलताई आतून म्हणाल्या.

धर्मपालनी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. कडी काढून विमलताई हसत बाहेर आल्या.

"तुमच्या मदतीतून पहिलं काम हेच केलं. बाया म्हणत, पलंग नसला तरी चालते ताई, पण दार आतून लागलं पाहिजे."

धर्मपालनी मान डोलावली. ते नागपूरच्या एका ट्रस्टकडून आले होते. गावोगावच्या लहान संस्थांना हा ट्रस्ट वर्षभरापुरती थोडी मदत देत असे, आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही हे त्यांच्या भेटीवर ठरायचं. नेरच्या कापूस बाजारामागं विमलताई चालवत असलेल्या या केंद्राच्या दोन खोल्यांचं भाडं त्यातूनच जाई. घरातून हाकललेल्या, मार खाऊन आलेल्या, लेकांनी टाकून दिलेल्या बाया इथं येत. कुणी घटकाभर बसून जाई, कुणी आठ-आठ दिवस राही. एवढ्याशा कामाकडे मोठ्या देणगीदारांचं लक्ष जात नसे. ही मदत थांबली असती तर दिवाळीनंतर कुलूपच लावावं लागलं असतं.

बाहेरच्या खोलीतून अतिया आली. कय्युम मेकॅनिकची ही मुलगी केंद्राचं दिवसभराचं सारं काम पाहायची. एरवी कशानंही न बिथरणारी. पण आता तिच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत चुरगळलेलं होतं.

"ताई, एक बाई आली. तुम्ही या."

"तू बोल ना तिच्याशी. मी भाऊंले मागचं अंगण दाखवून राह्यली."

"नाही ताई. तुम्हीच या."

धर्मपाल समजूतदारपणे ओट्यावर जाऊन बसले. विमलताई बाहेरच्या खोलीत गेल्या. खुर्चीवर एक तरुण बाई बसली होती. स्कूटीवर बांधतात तसा स्कार्फ तिनं डोळे सोडून सगळ्या चेहऱ्याला गुंडाळलेला होता. विमलताईंना पाहून तिनं तो हळूहळू सोडला.

ती प्रेरणा होती. त्यांची सून.

डावा डोळा सुजून बारीक झाला होता. ओठ फाटला होता. सकाळी निघताना हिनंच चहा करून दिला होता, तेव्हा यातलं काही नव्हतं.

"गाडीवरून पडली का?" विमलताईंच्या तोंडून निघून गेलं. या खोलीत आलेल्या कुठल्याच बाईला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"मी पडली नाही, ताई."

ताई. लग्न होऊन आल्यापासून प्रेरणा त्यांना आई म्हणत होती.

प्रेरणानं कुर्त्याची बाही वर सारली. दंडावर बोटांचे ठसे होते. काही हिरवट पडलेले, काही पिवळे. मार किती जुना हे रंगावरून कसं ओळखायचं, ते विमलताई अंगणवाडीच्या बायांना शिबिरात शिकवत. पिवळा ठसा आठवड्यापूर्वीचा. मागच्या आठवड्यात घरी सोयाबीन सोंगायला माणसं होती, रोज रात्री सगळे एकत्र जेवायला बसत होते. प्रेरणा वाढत होती. विमलताईंचा मुलगा रजत दोनदा मागून भाजी घ्यायचा.

"मले काहून नाही सांगतलं? एका घरात राहतो आपण."

"सांगतलं होतं."

"कधी?"

"पोळ्याच्या दिवशी. तुम्ही पुरण वाटून राह्यल्या होत्या. तुम्ही म्हटलं, तो लहानपणापासून तापट हाय, तू उलटं बोलत नको जाऊ."

पोळ्याचा दिवस विमलताईंना आठवला. बैलांच्या झुली, दारात आलेली माणसं, चुलीवर उतू गेलेली कढी, सगळं आठवलं. हे वाक्य तेवढं आठवेना. पण ते त्यांचंच होतं, यात शंका नव्हती. याच खोलीत कितीतरी सासवांनी ते त्यांना ऐकवलं होतं, आणि प्रत्येकीला त्यांनी अर्ध्यातच थांबवलं होतं.

"माहेरी फोन करायचा..."

"उमरखेडले बाबांले केलता. ते म्हणते, तुझी सासू एवढी मोठी कार्यकर्ती, तिच्या घरात असं होईनच कसं? तूच काही केलं असशीन." प्रेरणानं बाही खाली ओढली. "मग मी कोठी जाऊ? इथं आली. पण ताई, तुम्ही घरच्या म्हणून बोलणार असाल, तर मी उठतो. मले इथल्या बाईशी बोलायचं हाय."

विमलताईंनी माठातून पाणी घेतलं. पेला प्रेरणासमोर ठेवला. अतिया दारापाशीच उभी होती.

"अतिया," त्या म्हणाल्या, "इच्याशी तू बोल. इचं जे काही करायचं ते तूच करशीन. मले इचारायचं नाही."

अतिया घुटमळली. "दवाखान्यात न्यावं लागीन, ताई. मग ठाण्यात. रजतचं नाव लिहून घेतीन ते."

"बाकीच्यांचं लिहितात ना? तसंच."

अतियानं प्रेरणाला उठवलं आणि आतल्या खोलीत नेलं. दार बंद झालं. मग कडी सरकल्याचा आवाज आला. विमलताई तिथंच उभ्या राहिल्या. ती कडी आज आपल्यालाही बाहेर ठेवते आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

ओट्यावर धर्मपाल चहा पीत होते. विमलताई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "काही गंभीर आहे का, विमलताई?"

काहीही सांगता आलं असतं. बाईचं नाव सांगत नाही आम्ही, एवढं म्हटलं तरी भागलं असतं.

"माझी सून हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरानं मारलं."

धर्मपालनी कप खाली ठेवला.

"तुमच्या लोकांले जे सांगायचं ते सांगा. लपवू नका. पण हे बंद नका करू. माझं नाव काढून टाका. तसंही सगळं अतियाच पाहते."

"मी एकटा ठरवत नाही, ताई. मला हे सगळं सांगावं लागेल."

"सांगा ना."

कापूस बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ रस्त्यावर तरंगत होती. त्या धुळीतून एक मोटारसायकल वळली आणि केंद्रासमोर थांबली. रजत होता. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. त्यानं धर्मपालना हसून नमस्कार केला. गावात सगळे म्हणत तसाच, लाघवी.

"आई, प्रेरणा आली का इथं? फोन उचलून नाही राह्यली."

विमलताई उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"इथं कोण येते, कोण जाते, ते आम्ही कोणालेच सांगत नाही."

रजत हसला. "आई, मी हाव."

"माहीत हाय."

"अवं, घरची गोष्ट हाय. लोकांसमोर कायले वाढवतं? सरक बाजूले, मी पाहतो."

तो पायरी चढला. विमलताई सरकल्या नाहीत. त्यानं हात उचलला आणि त्यांच्या कानाशेजारी चौकटीवर टेकवला. नुसताच टेकवला. पण हात वर येताना विमलताईंचे डोळे आपोआप मिटले आणि मान खांद्यांत ओढली गेली.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा रजत त्यांच्याकडे पाहत होता. त्याचं हसू विरलं होतं.

"आई?" तो म्हणाला. "तू मले भेली?"

विमलताईंनी दुसऱ्या बाजूच्या चौकटीला हात लावला आणि दार अडवून तशाच उभ्या राहिल्या.