भाऊजींपुरतं दार

नवरा-बायकोत भिंत उभी राहायची तर एरवी अर्धा संसार खर्ची पडतो. वहिनींच्या बाबतीत ती गवंड्याने आठवड्याभरात उभी करून दिली, वरून गुळगुळीत गिलावा मारून. आणि भिंत सुकायच्या आत लोक अभिनंदन करून गेले.

आधीचं सांगितल्याशिवाय नंतरचं कळायचं नाही. त्यांचा खुर्च्यांचा कारखाना म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. नवरा सुतार; सगळे त्याला दादा म्हणत. तो खुर्चीचा लाकडी सांगाडा जोडायचा, बैठकीच्या कडेने भोकं पाडायचा आणि सांगाडा हातभर अंतरावर बसलेल्या धाकट्या भावापुढे सरकवायचा. हा धाकटा, म्हणजे वहिनींचे भाऊजी, जन्मापासून आंधळे. ते भोकाभोकातून वेत ओवून बैठक विणायचे. एखादं भोक बोटाला आवळ लागलं की म्हणायचे, "दादा, इथं जरा मोकळं कर," आणि दादा बसल्या जागी गिरमिट फिरवून द्यायचा. भाऊजींचा गळा गोड. विणताना देवाचं गाणं चालायचं, आणि दादाचा हातोडा नेमका समेवर पडायचा. देवाने एका भावाला डोळे दिले, दुसऱ्याला गळा दिला आणि हिशेब चुकू नये म्हणून दोघांना शेजारी बसवलं, असं वहिनी म्हणायच्या. त्या पलीकडे पॉलिशवाल्या बायकांत बसून खुर्च्यांचे पाय घासायच्या, आणि मान वर केली की दोघे दिसायचे. सुख म्हणजे काय, तर हेच. मान वर केली की आपलं माणूस दिसावं. पण ते दिसत असतं तोवर माणूस त्याला सुख म्हणत नाही.

अशात सरकारचं नवं धोरण आलं. लहान धंद्यांनी मोठं व्हावं, माल परदेशी जावा, बायकांनी मालकीण व्हावं, आणि कामाच्या जागी सर्व तऱ्हेच्या माणसांना मानाने बसायला मिळावं. धोरणात वाईट काय होतं? लिहिणाऱ्याच्या मनात ते लिहिताना देवच येऊन बसला असणार. पण देव उठून गेल्यावर नियम लिहायला माणसं बसतात.

ते नियम समजावायला एक सल्लागार आले. त्यांच्याकडे कशावरही तोडगा असायचा, म्हणून कारखान्यात त्यांचं नावच तोडगेसाहेब पडलं.

"नवरा-बायको आहात, हरकत नाही," तोडगेसाहेब म्हणाले. "पण बायकांच्या धंद्याचं अनुदान हवं तर धंदे दोन दिसले पाहिजेत. सांगाडे यांचे, विणकाम आणि पॉलिश वहिनींचं. दोन फाटकं, दोन पाट्या, मधे भिंत. आणि भिंतीत दार नको हं. दार दिसलं की धंदा एक, अनुदान शून्य."

"आणि मला यांना काही सांगायचं असलं तर?" वहिनींनी विचारलं.

"घरी सांगा ना! घर एकच ठेवलंय सरकारने."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. पाटीवर 'मालकीण' म्हणून आपलं नाव चढणार, याचं त्यांना कौतुक वाटलं नाही असं कोण म्हणेल? पॉलिशवाल्या बायका आणि भाऊजी वहिनींच्या वाट्याला आले. बायका आणि एक आंधळा कारागीर, म्हणजे धोरणाला हवी तशी तऱ्हेतऱ्हेची माणसं आयतीच जमली. मुदत पाच वर्षांची. मधेच अट मोडली तर अनुदान व्याजासकट परत. आणि ते अनुदान तर लाकूड सुकवायची खोली नि परदेशी यंत्र घेण्यात केव्हाच विरघळून गेलेलं.

भिंत उभी राहिली, आणि उजेड दादाच्या वाट्याला गेला. सगळ्या खिडक्या त्याच बाजूला होत्या. वहिनींच्या बाजूला छताला एक काचेचा पत्रा, त्यातून येईल तेवढा दिवस. त्यांना टेबल मिळालं, टेबलामागे खुर्ची मिळाली. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं यायची, त्यांना उत्तरं जायची, धंदा खरोखरच वाढला. कुणी पाहुणे बघायला आले की वहिनींनी हातातला काचकागद खाली ठेवून त्या खुर्चीत जाऊन बसायचं.

"मालकीणबाई, पाहुणे गेले, आता उठा," पॉलिशवाली म्हणायची. ती जिभेची तिखट. "नाहीतर तुम्हालाच पॉलिश मारेन चुकून."

पण भाऊजींचं काय? सांगाडे आता दादाच्या फाटकातून गल्लीत, गल्लीतून हमरस्त्यावर, आणि तिथून वळसा घालून वहिनींच्या फाटकातून आत यायचे. भोक आवळ निघालं तर "दादा, मोकळं कर" म्हणायला दादा कुठे होता? भाऊजी तसाच वेत दामटून ओवायचे आणि बोटं सोलून घ्यायचे. नाहीतर सांगाडा डोक्यावर घेऊन, एक हात शेडच्या बाहेरच्या भिंतीला लावून, स्वतःच निघायचे. हमरस्ता म्हणजे मालाच्या गाड्यांचा. वहिनींचा जीव टांगणीला लागायचा.

"अहो, कुणाला तरी बरोबर न्या!"

"वहिनी, भिंतीला हात लावून चालायला कशाला कुणी हवं? भिंत आपली ओळखीची आहे."

एके दिवशी बाहेर करकचून ब्रेक लागला. वहिनी अनवाणी धावल्या. गाडीवाला खिडकीतून भाऊजींच्या सात पिढ्या काढत होता, आणि भाऊजी रस्त्याच्या कडेला तुकडे चाचपत उभे होते.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "पाय मोडला तो खुर्चीचा. माझे दोन्ही आहेत."

वहिनींना हसूही येईना नि रडूही. त्यांनी हाताला धरून त्यांना आत आणलं आणि त्या दिवसापासून फाटकाबाहेर पाऊल टाकायची बंदी केली. सांगाडे ने-आण करायला पॉलिशवाली जाऊ लागली.

बंदी प्रेमाची होती. पण पिंजरा सोन्याचा असो की मायेचा, पोपटाला गज ते गजच. भाऊजी भिंतीला पाठ लावून बसू लागले. पलीकडे दादाचा हातोडा पडायचा तो गिलाव्यातून मुका होऊन यायचा, गादीत गुंडाळल्यासारखा. भाऊजी गाणं सुरू करायचे, ठोका सापडायचा नाही, थांबायचे. मग सुरूच करेनासे झाले.

"भाऊजी, गाणं का नाही म्हणत?"

त्यांनी हातातला वेत खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, राग मानू नकोस. तू मला डब्यात घातलंस, वर झाकण लावलंस, आणि लोकांना सांगतेस की जपून ठेवलंय."

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शब्द खरे होते, आणि खऱ्या शब्दावर रागावता येत नाही.

त्या रात्री जेवताना त्या दादाला म्हणाल्या, "पाडा ती भिंत."

"पाडायचीच आहे," दादा म्हणाला. "मुदत संपू दे, पहिला घण माझा. दीड वर्ष राहिलंय."

"आणि भाऊजींच्या घशात हे दीड वर्ष अडकलं तर?"

"अगं, मला कळत नाही का? माझा भाऊ आहे तो. रोज सांगाडा करतो नि हात पुढे सरकवायला जातो, आणि हात भिंतीवर आपटतो." त्याने सोललेली बोटं दाखवली. "पण परतफेड कुठून करणार? शेड विकून? मग बसायचं कुठे, भिंत असो की नसो?"

 भिंत आता घरातही येऊन बसली होती, जेवणाच्या ताटापाशी.

पंधरवड्याने तपासणीच्या बाई आल्या. थकलेल्या, नाकावर चष्मा घसरलेला, पण मनाने चांगल्या. त्यांनी पाटी पाहिली, टेबल पाहिलं, भिंतीवर बोटांनी टकटक केली आणि म्हणाल्या, "छान. भक्कम आहे." तोडगेसाहेब शेजारी उभे राहून हसत होते. मग बाई भाऊजींपुढे उकिडव्या बसल्या.

"काका, नियमाप्रमाणे तुम्हाला एक विचारते. दिसत नसल्यामुळे तुम्हाला इथे काही सोय हवी आहे का? मालकिणीने ती करून द्यायला हवी."

"मागेन ते देणार?"

"कामाच्या गरजेचं असेल तर हो."

"मग दार द्या," भाऊजी म्हणाले. "या भिंतीत. पलीकडे माझा भाऊ सांगाडे करतो. भोक आवळ असलं की मला त्याच्यापाशी जावं लागतं, आणि रस्त्याने गेलो की गाडीवाले माझ्या आईवडिलांची चौकशी करतात."

पॉलिशवाली फस्सकन हसली. तोडगेसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. "बाई, ते गमतीत बोलतायत—"

"गमतीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर सारला आणि भिंतीकडे अशा पाहू लागल्या जणू ती आत्ताच उगवली. एका नियमाने दार दिलंच पाहिजे, दुसऱ्या नियमाने दार नसलंच पाहिजे. दोन्ही नियम एकाच धोरणाचे, एका आईची दोन लेकरं, आणि दोघं एकमेकांच्या झिंज्या धरून उभी. "मला वर विचारावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या.

वरून उत्तर यायला वेळ लागला. ते घेऊन बाई परत आल्या तेव्हा त्यांनी ते वाचून नाही दाखवलं, वहिनींच्या समोर बसून समजावून सांगितलं.

"दार मिळेल. पण यांच्यापुरतंच. हातात मावेल तेवढं सामान घेऊन हे जातील-येतील. दुसरं कुणीही त्यातून जायचं नाही. मालकिणीने तर नाहीच, आणि पलीकडच्या मालकानेही नाही. कुणी गेलेलं आढळलं तर दार बुजवावं लागेल."

"चालेल," वहिनी एका दमात म्हणाल्या.

"थांबा, पुढचं ऐका. ही सवलत जुन्या करारात बसत नाही. नवा करार करावा लागेल, आणि नव्या कराराची मुदत नव्याने सुरू होते. पाच वर्षं."

तोडगेसाहेब वाकून कुजबुजले, "वहिनी, सही करू नका. थोडी कळ काढा. मुदत संपली की अख्खी भिंत तुमची. एका दारासाठी आणखी पाच वर्षं भिंत कसली घेता?"

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. तुमच्यासाठीच आहे."

"नको," भाऊजी लगेच म्हणाले. "मी बसेन की. आंधळ्याला भिंत काय नि मैदान काय, सारखंच."

पण बोलताना त्यांचा हात मागे गेला होता. भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, त्यांची बोटं फिरत होती. त्या जागेवरचा गिलावा हाताने घासून काळा, तुळतुळीत झाला होता. वहिनींनी तो डाग रोज पाहिला होता आणि पॉलिशचा हात लागला असेल असं समजून सोडून दिला होता.

भाऊजी तोंडाने आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते, आणि त्यांच्या हाताला ते येत नव्हतं.

वहिनींनी लेखणी मागितली. सही केली. तोडगेसाहेबांनी कपाळाला हात लावला. बाईंनी कागद घेतला आणि जाताना वहिनींच्या हातावर हात ठेवून गेल्या. त्यांच्याकडेही त्याहून जास्त काही द्यायला नव्हतं.

घरी दादा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"कुठून विचारू? मधे भिंत होती."

 दुसऱ्या दिवसापासून दादाने सगळ्या खुर्च्या बाजूला सारून दार करायला घेतलं. घरातलं उत्तम लाकूड काढलं, कडा गोल केल्या, आणि कडी आंधळ्या हाताला आपसूक सापडेल अशी बसवली.

दार बसलं त्या सकाळी भाऊजींनी उंबरा पायाने चाचपला आणि पलीकडे गेले. आधी काही ऐकू आलं नाही. मग लाकूड सरकल्याचा आवाज आला. मग, "दादा, इथं जरा मोकळं कर." मग ठोका पडला, खणखणीत, आणि त्याच्या मागोमाग गाणं. पॉलिशवाल्या बायकांचे हात थांबले. एकीने डोळ्याला पदर लावला आणि पॉलिश लागलं म्हणून ओरडली.

वहिनी उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे खिडक्यांमधून ऊन आलं होतं, भुशाचे कण त्यात तरंगत होते. दादा हातोडा घेऊन वाकला होता. किती वर्षांनी त्या त्याला काम करताना बघत होत्या! केस मागून पांढरे झाले होते. घरी हे कसं दिसलं नाही?

त्याने वर पाहिलं. "ये की. कोण बघतंय?"

खरंच कोण बघत होतं? पाऊल उचललं की झालं. उंबरा बोटभर उंचीचा. पण रस्त्यावरचं फाटक सताड उघडं होतं, आणि पाहुणे सांगून येत नाहीत. कुणी पाहिलं तर गवंडी पुन्हा यायचा आणि पहिली वीट भाऊजींच्या पायापुढे पडायची.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

"वहिनी, ये ना आत," गाणं थांबवून भाऊजी म्हणाले. "इथं बसायला जागा आहे, दादाने केलीय."

"तुमचं दार आहे भाऊजी. मला नाही चालत."

 सही करताना वहिनींनी काय दिलं ते भाऊजींना तेव्हा पुरतं कळलं असावं. ते उठले, उंबरा ओलांडून अलीकडे आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"दादा विचारतोय, दुपारी चहा कोणत्या बाजूला?"

दादा तिथेच, दहा पावलांवर, हातोडा धरून उभा होता. त्याने काहीच विचारलं नव्हतं. वहिनींनी पदर तोंडाशी धरला.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजूंना. मी इथे घेईन, त्यांनी तिथे घ्यावा."

"सांगतो," भाऊजी म्हणाले, आणि वळून पलीकडे गेले. दादाने निरोप ऐकला, जणू फार दुरून आलाय, आणि मान हलवली.

वहिनींनी टेबलामागची खुर्ची ओढत आणली आणि उंबऱ्याच्या अलीकडे ठेवली. काचकागद घेतला, खुर्चीचा एक पाय मांडीवर आडवा घेतला आणि घासू लागल्या. बाहेर एखादी गाडी थांबल्यासारखी वाटली की त्या हात न थांबवता आपली पावलं जरा मागे ओढून घ्यायच्या.