डॉक्टरने सांगितलंय, बाहेर जायचं

भर पौषात पाऊस पडतो म्हणजे काय? आंब्याचा मोहोर सडायचा, वाळत घातलेली मासळी कुजायची, आणि वर डोंबिवलीच्या कारखान्यांचं आयतंच फावायचं. आभाळ भरून आलं रे आलं की हे मेले नाल्यात काय वाटेल ते सोडून देत. आज पाणी गुलाबी, उद्या जांभळं, आणि वास असा की सकाळचा चहा नरड्याखाली उतरू नये. शी! त्याच नाल्याकाठच्या चिखलातून सगुणा रोज उजाडता उजाडता पाय उपसत चालत होती.

तिला काय हौस नव्हती. जन्मभर भातलावणीत आणि मिठागरात राबलेली बाई. जमीन कारखान्यांत गेली, मुलगा परशुराम रेती-विटांच्या धंद्यात शिरला, तीन मजली घर उभं राहिलं, आणि सगुणेला करायला काही उरलंच नाही. बसून बसून गुडघे धरले. डॉक्टरने बजावलं, "आजी, रोज सकाळी बाहेर जायचं. पाऊस असो, थंडी असो. बसलात की पाय गेलेच म्हणून समजा."

आणि ही बाई इतकी भोळी की भेटेल त्याला डॉक्टरचेच शब्द ऐकवायची. शेजारच्या जनीने विचारलं, "कुठं चाललीस गो, एवढ्या पावसाची?"

"डाक्टरनं सांगितलंय, रोज सकाळी बाहेर जायचं."

आता त्या गावात 'बाहेर जायचं' म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. घराघरांत संडास व्हायच्या आधी अख्खं गाव टमरेल घेऊन बाहेरच जात होतं! जनीने तोंडाला पदर लावला. "घरान व्हत नाय का गो तुला?" सगुणेच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पडला तेव्हा तिने जनीला अशा शिव्या हासडल्या की कुत्रीसुद्धा लांब पळाली. पण तोवर बातमी गावभर झाली होती. परशुरामच्या घरात टाइल्स लावलेला संडास, आणि म्हातारी नाल्यावर बसते!

परशुरामचं डोकंच फिरलं. "नाक्यावर लोक मला तोंडावर हसतात, आये! उद्यापासून गेटच्या बाहेर पाऊल टाकायचं नाय. चालायचंय ना? गच्चीवर चाल."

त्याची बायको जया मागून म्हणाली, "मला तर भाजीला जायची लाज वाटते."

गच्ची कसली, घाणेरडं डबकं ते! पाणी तुंबलेलं, त्यात कबुतरांची घाण भिजून तिचा लगदा झालेला, खाली बुळबुळीत शेवाळ. सगुणा नाकाला पदर लावून टाकीभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरली. घसरली, कठड्याला धरून कशीबशी सावरली, आणि मग तिने गच्चीचा नादच सोडला. पाऊस थांबायचं नाव घेईना. हळूहळू तिला उठताना खाटेची चौकट धरावी लागू लागली.

त्यातच एक दिवस कळव्याहून निरोप आला, मंजुळा आठवण काढते. मंजुळा तिची थोरली बहीण. सगुणा परशुरामच्या स्कूटरवर मागे बसून गेली.

खोलीच्या दारातच सगुणा थबकली. गोधडी ओली, चादर ओली, बंद खिडकीत मुताचा वास कोंडलेला. मंजुळाची सून दारापाशीच नाकाला रुमाल लावून उभी राहिली, आत पाऊल टाकीना. परशुराम तर सरळ रस्त्यावरच जाऊन उभा राहिला. आपल्याच बहिणीची किळस यावी याची सगुणेला चीड आली, पण किळस यायची ती आलीच.

"जरा पाऊस कमी होऊ दे, मग चालीन म्हणून बसले," मंजुळा म्हणाली, "ती बसलेच." मग तिने सगुणेचं डोकं जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "मी पानी पीत नाय गो. घोटभर पन नाय. कोन उपसनार?"

सगुणा घरी आली. सकाळी पाऊस कोसळत असताना ती गेटपाशी गेली, तर परशुराम आडवा.

"आये, परत तेच? लोक काय म्हनतील?"

"लोक आज इचारतात, म्हातारी कुठं बसते. उद्या मी खाटेवर बसन, तवा माझी घान उपसाला तुझं ते लोक येतील का रे? का तू येशील? कालच्याला तू रस्त्यावरून आत पन आला नाय!"

परशुराम गेटची कडी चाचपत राहिला. जया घराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पार उतरला. ती बाहेर आली, स्कूटरच्या डिकीतून नवऱ्याचा रेनकोट काढून आणला आणि सासूच्या अंगावर स्वतःच्या हाताने चढवला. बटणंसुद्धा लावली.

"जा तुम्ही आई. रोज जात जा. जनीमावशीला मी सांगते काय ते." आवाजात साखर.

सगुणेला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला शिसारी आली. जयाची, परशुरामची, आणि जास्त करून स्वतःची, कारण ती अजून गेटपाशीच उभी होती. खोटं का होईना, 'आई, असं काय बोलता, मी करीन की' एवढं तरी सून म्हणेल म्हणून ती थांबली होती. जया शेवटचं बटण लावून बाजूला झाली. सगुणा चिखलात उतरली आणि चालायला लागली.