वाकून घेतलेलं माप

"असा खांबासारखा नको उभा राहूस. वाक थोडा."

तालाय वाकला. ओमुरकानने वाळुंजाची सोललेली काठी त्याच्या छातीशी धरली आणि चाकूने खूण केली.

"बाबा, हे कसलं माप?"

"माझ्या मयताचं. रडताना माणूस ताठ नसतो, म्हणून वाकवून घ्यायचं. नाहीतर काठी लांब होते आणि तीन दिवस खांदे दुखतात."

आमच्याकडे बाप गेला की मुलगे लोकरीच्या तंबूबाहेर कमरेला फडकं बांधून, काठीवर रेलून उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकासमोर मोठ्याने रडतात. त्या रांगेत ज्याला जागा नाही, त्याला बापच नाही. ओमुरकान जन्मभर पाळणे करत आला. मापाच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

"मला उभं राहू देतील का पण?" तालायने विचारलं.

प्रश्न खरा होता. तालाय कोचकोरच्या बाजारात टायरची पंक्चरं काढतो. काही वर्षांपूर्वी तो ख्रिस्ती झाला आणि आमच्या मुसलमान गावाने त्याला चहा विचारणं बंद केलं. म्हाताराही दोन महिने बोलला नाही. मग एक दिवस कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बरणी घेऊन त्याच्या दुकानात जाऊन बसला. राग गेला नव्हता, पण पोराला कुमिस आवडायचं.

"त्या लोकांनी तुला असं काय दिलं रे, की तू आमच्यातून उठलास?" म्हाताऱ्याने आज पहिल्यांदाच विचारलं.

"दिलं काही नाही. देव बापासारखा आहे म्हणाले. पोरगं वाया गेलं तरी वाट बघतो. बाकीच्यांना पटेना. एकाला बापाने पट्ट्याने सोललेलं, तो कसा मानणार? मला मात्र लगेच पटलं. मी तुमचा घोडा विकून दारू प्यायलो, मारामारी करून तुरुंगात गेलो. सुटलो तर फाटकाशी तुम्ही उभे. आणि पहिला शब्द काय? 'जेवलास?'"

म्हाताऱ्याने चाकू पुसून म्यानात घातला.

"म्हणजे दोष माझाच म्हण की," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "घोडा मात्र चांगला होता रे."

बर्फ पडायच्या आत ओमुरकान गेला. तालाय पोचला तेव्हा थोरला भाऊ कुबात तंबूबाहेर एकटाच उभा होता. सागिनकाका, म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ, वाटेतच आडवा आला.

"मुल्लांसमोर एवढंच म्हण, चुकलो, परत आलो. मग उभा राहा, पोटभर रड."

"काका, आजच्या दिवशी खोटं बोलू?"

"मग फाटकाबाहेर थांब. मुल्ला उठून गेले तर तुझ्या बापासाठी दुवा कोण मागणार?"

काका वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. तालायला वाटलं, एका वाक्याने काय बिघडतं? म्हणून टाकावं. बापासाठी तो काहीही म्हणाला असता. पण तुरुंगाच्या फाटकाशीसुद्धा बापाने त्याला 'चुकलो म्हण' असं सांगितलं नव्हतं. तो मागे वळला आणि चालू लागला.

"थांब!"

कुबात आपली जागा सोडून पाळण्यांच्या शेडमध्ये गेला आणि एक काठी घेऊन आला. काकासमोर त्याने ती स्वतःला लावून दाखवली. कुबात उंचापुरा, काठी त्याच्या पोटाशीच संपली.

"बाबांनी कापलीय. मला पुरत नाही, काका. ज्याच्या मापाची आहे त्याला देतो."

काकाने काठी हातात घेतली. चाकूच्या खुणेवरून अंगठा फिरवला. भावाचा हात तो ओळखत होता.

"मुल्लांशी मी बोलतो," तो म्हणाला, आणि काठी त्यानेच तालायच्या हातात दिली.

"कंबर बांध," कुबात म्हणाला आणि एक पाऊल सरकला.

पुलाकडून पलीकडच्या गावचे घोडेस्वार आक्रोश करत येत होते. कुबातने हंबरडा फोडला, "बाबा! माझे बाबा!" तालाय हाच शब्द दर रविवारी प्रार्थनेत उच्चारायचा, कधी अडखळला नव्हता. आज तो पहिल्याच अक्षराला अडखळला. शब्द निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तालाय कमरेतून वाकला, आणि काठी बरोबर छातीखाली आली.

तीन दिवस तो तिथे उभा होता. खांदे दुखले नाहीत.