निरोप कुठं पाठवू नये

गुरम्मा गेली हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ते सगळ्यांना एकदमच कळलं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन बोलले, तेव्हा तिचे यजमान सिद्रामप्पा बाकावर बसून होते. मुलगा सोमेश भिंतीला टेकून रडत होता. रडता रडताच त्यानं दुकानाच्या मोबाइलला सांगितलं, "आई गेली. सगळ्यांना कळव."

त्यांच्या धान्याच्या अडत दुकानाच्या या मोबाइलवर सून मंजुषानं एआयचा मदतनीस बसवला होता. तो गाडी बोलवायचा, हमालांना सांगावा धाडायचा, रोज सकाळी गिऱ्हाइकांना भाव पाठवायचा. प्रत्येक कामाला त्याच्याकडं एक टूल होतं, आणि कुठलं टूल कधी वापरायचं हे तो त्या टूलचं वर्णन वाचून ठरवायचा. त्या सकाळी त्यानं भाव पाठवायचं टूल उचललं. वर तूर आणि सोयाबीनचा भाव, त्याखाली गुरम्मा वारल्याची बातमी, आणि शेवटी रोजची ओळ, आपला लोभ असाच राहू द्या.

गिऱ्हाइकांमध्ये कंधारचे मलप्पाही होते. सरकीची पेंड ते इथूनच न्यायचे. मलप्पा म्हणजे गुरम्माचा सख्खा भाऊ.

बाईच्या माहेरी असा निरोप माणूस जाऊन देतो. अगदीच जमत नसेल तर घरातला जाणता माणूस फोन करतो, आणि आधी तब्येत जास्त हाय एवढंच सांगतो. माहेरचं लुगडं आल्याशिवाय बाईला माती देत नाहीत.

मलप्पा लुगडं घेऊन आले. बहिणीच्या अंगावर घातलं, कपाळाला विभूती लावली, माती दिली. घरी कुणी पाणी पुढं केलं तर हात लावला नाही. निघताना सिद्रामप्पांना एवढंच म्हणाले, "दाजी, तुरीच्या भावाखाली बहीण गेल्याचं वाचलं म्या."

पुढच्या विधीला ते आले नाहीत. फोनही उचलेनात. गुरम्मा लहानपणी कशी होती, हे सांगणारं तेवढं एकच माणूस आता राहिलं होतं.

सोमेश मदतनीस काढून टाकायला निघाला. मंजुषानं त्याला थांबवलं आणि सासऱ्यांना भाव पाठवायच्या टूलचं वर्णन वाचून दाखवलं. एकच ओळ होती, सगळ्यांना निरोप पाठवतो. घाईत तिनंच लिहिली होती. ती म्हणाली, लिहायचं कसं ते मला येतं, पण कुठला निरोप कुणाला कसा जावा हे तुम्ही सांगा.

सिद्रामप्पांनी विचार करून सांगितलं, वाईट बातमी पाठवू नये असं लिही.

"अप्पा, त्याला काय कळतंय वाईट? तुरीचा भाव पडला तर ती बी वाईटच की. मग भाव पाठवायचंच बंद करंल."

त्या दिवसानंतर सिद्रामप्पा पहिल्यांदा हसले. मग मंजुषानं समजावलं, की आजच कामाला लागलेल्या परक्या गावच्या माणसाला सांगताय असं धरा. त्याला आपली नाती ठाऊक नाहीत, रीत ठाऊक नाही, आणि आपण मनात धरलेलं त्याला दिसत नाही.

घरात कुणाला आधी सांगायचं, कुणाला मागून, कुणाकडं स्वतः जायचं, हे गुरम्मा बघायची. सिद्रामप्पांना ते कधी बोलून सांगावं लागलं नव्हतं. आता एकेक गोष्ट शब्दात आणताना त्यांना कष्ट पडत होते. दोघांनी दोनदा खोडलं. शेवटी असं झालं:

"हे टूल रोजचा भाव आणि दुकान बंद असल्याचा निरोप सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम पाठवतं. गेलेला निरोप परत घेता येत नाही. कुणी वारलं, आजारी पडलं किंवा अपघात झाला, तर हे टूल वापरू नये, कुणी सगळ्यांना कळव म्हणालं तरीही. सांगणारा दुःखात असतो. अशा वेळी आधी त्यालाच विचारावं की जवळचं कोण आहे आणि त्यांच्याकडं कोण जाणार. बाई वारली असेल तर माहेर पहिलं."

मंजुषानं खोटाच प्रसंग घालून बघितलं. मोबाइलला लिहिलं, हमाल केरबाची बायको वारली, सगळ्यांना कळव. या खेपेला मदतनिसानं कुणालाच काही पाठवलं नाही. उलट विचारलं, "त्यांचं माहेर कुठलं? तिथं निरोप घेऊन कोण जाणार आहे?"

मंजुषा सासऱ्यांकडं बघू लागली. सिद्रामप्पांनी मोबाइल हातात घेऊन तो प्रश्न पुन्हा वाचला.

"आता बरोबर इचारतोय," ते म्हणाले. "म्या सोता जायाला पायजे होतं."

"अजून जाता येतंय की, अप्पा. मामा काय दार लावून घेणार न्हाईत."

"आता जाऊन काय सांगू? त्यांना ठावं न्हाई असं काय हाय माझ्यापाशी?"

मंजुषानं वर्णन कायम करून टाकलं.

टूल आता नीट चालतं. सिद्रामप्पा अजून कंधारला गेलेले नाहीत.