पाच वेळा एक

नेत्राने फॉर्मचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सपाट केला आणि आकडे वाचले.

"सात, सहा, सात, सात, पाच."

दौलत सरांनी जाड पेनाने ते मोठ्या कागदावर उतरवले. मोतीबिंदू पिकत आला होता. बारीक छपाई आताशा दिसत नसे. शनिवारी तास संपले की नेत्रा थांबून वाचून दाखवी. हे कधी सुरू झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

विद्यार्थ्यांची कृतज्ञता मोजायची पाहणी सहा देशांतल्या कॉलेजांत चालली होती. 'मला पुष्कळांचे आभार मानावेसे वाटतात', अशाच अर्थाची पाच वाक्यं. मुळीच पटत नसेल तर एक, पुरतं पटत असेल तर सात. नाव लिहायचं नाही, फक्त गाव. छत्तीस वर्षं मानसशास्त्र शिकवून सर येत्या मंगळवारी निवृत्त होत होते. जाता जाता हे एक काम गळ्यात पडलं होतं.

"नारपोली. चार, चार, तीन, चार, पुढे नुसती रेघ."

"विशाल असणार. लूमवर नाइट शिफ्ट करून आला आणि रेघ ओढता ओढता झोपला."

नेत्रा हसली. पुढचा कागद घेतला.

"दिघाशी. एक, एक, एक, एक, एक."

आवाजात कसलाही फरक नाही. सरांचं पेन थांबलं. दिघाशीची वर्गात एकच मुलगी होती. पहिल्या वर्षी ती वर्गात उभीच राहत नसे. तिला त्यांनी तासानंतर थांबवून शिकवलं होतं. बापाने कॉलेज सोडायला लावलं तेव्हा दोनदा तिच्या गावी जाऊन त्याची समजूत घातली होती. ती कधी साधं थँक्यू म्हणाली नव्हती, हे त्यांना आज पहिल्यांदा आठवलं आणि आठवल्याची लाजही वाटली.

पाहणीवाल्यांची सूचना होती, सगळीकडे एकच आकडा असेल तर फॉर्म निष्काळजी समजून बाजूला काढावा.

"हा बाद करू?"

"नको, सर. नीट वाचून भरलाय. माझाच हाय."

"कुणाचेच आभार मानावेसे वाटत नाहीत?"

तिने फॉर्म टेबलावर ठेवला. मग सांगू लागली. भाताच्या लावणीला त्यांच्याकडे सावड असते. आज सगळे एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. बापाचा हात मोडला त्या वर्षी सावडीतल्या रघूकाकाच्या घरची सात माणसं चार दिवस त्यांच्या चिखलात वाकली होती. शेवटच्या दिवशी कशेळीचा आतेभाऊ आला, त्याने हात जोडून सगळ्यांचे आभार मानले. रघूकाका ताटावरून उठला तो उठलाच. पुढच्या वर्षी त्याने सावडीला दुसरं घर धरलं. त्याला परत आणायला बापाने दिवाळीपर्यंत खेपा घातल्या.

"आभार परक्याचं मानतात, सर. आपल्या माणसाला म्हटलं, म्हणजे हिशेब मिटवला."

सरांनी फॉर्म पुढे ओढला. शेरा लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. त्यांनी तो बाद गठ्ठ्यावर ठेवला, पुन्हा उचलला आणि पाठवायच्या गठ्ठ्यात, विशालच्या खाली सरकवला. सरासरी उतरणार होती. उतरू दे.

उरलेले फॉर्म संपेपर्यंत पाच वाजले. नेत्राने गठ्ठ्याला रबर लावलं, खुर्ची सरकवून ठेवली, पिशवी खांद्यावर घेतली. सर चष्मा काढून डोळे चोळत होते. कॉलेजातल्या या शेवटच्या शनिवारी ते नकळत म्हणून गेले,

"आभारी आहे गं, नेत्रा."

ती दारातच थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं,

"म्हणजे पुढल्या शनिवारी येऊ नको?"

पुढल्या शनिवारी ही खोली दुसऱ्या कुणाची असणार होती. तसं सांगायला सरांनी तोंड उघडलं, पण चष्मा पुसण्यात थोडा वेळ घालवला.

"घरी ये," ते म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन आहे. पेपर कोण वाचून दाखवणार?"

नेत्राने मान हलवली आणि नेहमीसारखी, काही न बोलता निघून गेली.