प्रोफेसर रेन्त्स यांचा होकार

"हलू नकोस," गेर्लिंडे म्हणाली, आणि नेमका तेव्हाच खिडकीखाली पितळी वाद्यांचा पहिला सूर निघाला.

ट्राउगोट हलला. नुसता हलला नाही, अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच ठेवून खुर्चीत ताठ बसला आणि खड्या आवाजात गाऊ लागला. गेर्लिंडेनं वस्तरा वेळेवर मागे घेतला म्हणून बरं, नाहीतर ऐंशीव्या वाढदिवशी नवऱ्याचा कान कापल्याचं खापर तिच्या माथी फुटलं असतं.

"गप्प! अरे, अर्धी दाढी राहिलीय!"

तो कसला गप्प बसतोय! पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, शब्द न शब्द बरोबर. खालच्या तुतारीवाल्यांनाही जोर चढला. हाच माणूस गेल्या हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आल्यापासून साधं 'पाणी' म्हणू शकत नव्हता. बायकोचं नाव घ्यायला जायचा आणि 'गे... गे...' करत रडकुंडीला यायचा. आणि आता उपासनेची गीतं अशी म्हणत होता, जणू जन्मभर त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं.

"पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं, बाई," डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. "बोलणं गेलं तरी ते राहतं. एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत आपोआप जातं. तुम्ही त्याचा अर्थ लावत बसू नका."

अर्थ ती लावत नव्हती. अर्थ लावणारे बाकीचे होते.

पाठ केलेलं मात्र या घरात भरपूर होतं. ट्राउगोटचा बाप खेड्यातल्या चर्चचा पाळक. पोरांनी खुर्चीमागे उभं राहून प्रार्थना आणि गीतं बिनचूक म्हणायची, मगच सूप. चुकलं की पहिल्यापासून, आणि तोवर सूप गार. त्या गार सुपांचं फळ आता पदरात पडत होतं. ट्राउगोटला मीठ हवं असलं की तोंडून सुगीचं गीत निघायचं. खिडकी उघडायची असली की प्रभूची प्रार्थना, अथपासून इतिपर्यंत. आणि बूट चढवताना शिव्या. त्या काही बापानं शिकवलेल्या नव्हत्या, पण त्याही शाबूत होत्या.

आणि माणूस कोण, तर ज्यानं सगळी उमर विद्यापीठात धर्माचं तत्त्वज्ञान शिकवलं तो. पाठ केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, तो केवळ तोंडाचा व्यायाम, असं ज्यानं लिहिलं तो. बाप जिवंत होता तोवर गप्प राहिला आणि बापाला पुरल्याच्या दुसऱ्या सोमवारी कचेरीत जाऊन चर्चच्या मंडळीतून आपलं नाव काढून आला तो. पण म्हणून नास्तिक म्हणावं, तर तेही नाही. 'देव आहे म्हणणारा आणि देव नाही म्हणणारा, दोघंही दार लावून घेतात,' हे त्याचं लाडकं वाक्य. 'मी दारात उभा राहतो.' तीन जाडजूड पुस्तकं लिहिली त्यानं या दारावर. तिन्ही गेर्लिंडेनं टाइप केली.

"दारात उभं राहिलं की घरात गार वारा येतो," ती तेव्हा म्हणाली होती. तेही त्यानं तळटिपेत घातलं, तिचं नाव न देता.

तिसरं कडवं संपायच्या आत तिनं उरलेली दाढी कशीबशी उरकली आणि तणतणत खाली गेली. गावात कुणालाही ऐंशी पूर्ण झाली की मंडळीचा वाद्यवृंद सकाळी खिडकीखाली येऊन वाजवतो, अशी रीत होती. पण ट्राउगोट मंडळीत नव्हता, आणि गेर्लिंडेनं नको म्हणून वृंदाच्या प्रमुखाला स्वतः सांगितलं होतं.

दारात शेजारच्या बायर्लेबाई डोळे पुसत उभ्या होत्या.

"तुम्ही बोलावलंत ना यांना?" गेर्लिंडेनं विचारलं.

"अहो प्रोफेसरीणबाई, ऐंशीला तुतारी नाही म्हणजे काय? घरात कुणी गेलंय असं वाटतं! आणि ऐकलंत ना कसे गायले? माझ्या तर अंगावर काटा आला. शेवटी देवानं त्यांना परत आणलंच."

"देवानं नाही, बायर्लेबाई. तुम्ही आणलंत. आणि त्याला नाही, तुताऱ्या आणल्यात."

पण आलेल्या माणसांना दारातून परत पाठवणं तिला जमणारं नव्हतं. लोणी लावलेले ब्रेत्झल पाव आणि वाइनचे पेले बाहेर आले. दहा-बारा जण ओसरीवर उभे राहून खात-पीत होते आणि वर बघून माना हलवत होते. ट्राउगोट एक हात वॉकरवर आणि एक कठड्यावर ठेवत जिन्यानं खाली आला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. गेर्लिंडेला एकेकाच्या हातातला ब्रेत्झल काढून घ्यावासा वाटला.

सगळे गेल्यावर एक जण मागे राहिला. गावचा पाळक मर्क्ले. तरुण, गोरटेला, सदा हसतमुख. त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. तो बैठकीच्या खोलीत आला आणि ट्राउगोटच्या समोरच्या खुर्चीवर बसला. गेर्लिंडेनं कॉफी ओतली, वेणीपाव कापला.

"रेन्त्सबाई, मी आडपडदा ठेवत नाही," तो म्हणाला. "आज जे ऐकलं ते गावानं ऐकलंय. मंडळीच्या पत्रकात दोन ओळी लिहाव्यात म्हणतो. प्रोफेसर रेन्त्स घरी परतले, अशा."

"परवा बूट घालताना तो जे बोलला ते ऐकलंत का तुम्ही? तेही छापा त्याच पत्रकात. तितकंच मनापासून होतं."

मर्क्ले हसला. हसला, पण हटला नाही. "तुम्ही चेष्टा करताय. पण मी दुसरंही बोलायला आलोय. त्यांना परत मंडळीत घेता येईल. फार काही करावं लागत नाही. मी विचारतो, त्यांनी होकार द्यायचा, बास. नुसती मान हलवली तरी चालेल." त्यानं आवाज खाली आणला. "म्हणजे पुढं कधी तशी वेळ आली, तर मी येऊ शकेन. घंटा वाजवता येईल. आत्ता तसं काही करता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

गेर्लिंडेच्या हातातली सुरी थांबली.

ठाऊक कसं नसेल? याच एका गोष्टीवरून ती ट्राउगोटशी आयुष्यभर भांडली होती. ती मंडळीत होती. नाताळला जायची, ईस्टरला जायची, बाकी रविवारी तिचा कंटाळा तिला आवरायचा नाही. तत्त्वांचं तिला सोयरसुतक नव्हतं. पण या गावात माणूस गेला की मोठी घंटा वाजते. शेतात असलेला शेतात थांबतो, दुकानातला दुकानात, आणि कोण गेलं ते सगळ्यांना कळतं. ट्राउगोटच्या शवपेटीमागून आपण मुक्या गावातून चालत जायचं, ही कल्पनाच तिला सोसत नसे. 'एवढं एक माझ्यासाठी कर,' असं तिनं त्याला किती वेळा विनवलं असेल. 'तू मरशील, तुला काय ऐकू येणारेय?' दर वेळी तो चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, 'मला ऐकू येणार नाही, म्हणूनच आत्ता खोटं बोलता येत नाही.'

आता तो काहीच म्हणू शकत नव्हता. आता नुसती मान हलली तरी पुरे होती. आणि मान तर ट्राउगोट हल्ली कशालाही हलवायचा.

तिनं मर्क्लेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तो वेणीपावातला बेदाणा डाव्या हातानं उकरून काढत होता.

"मानेवर नका जाऊ," ती एकदम म्हणाली. "ती काय, खात असला की हलते."

तिनं टेबलाच्या खणातून दोन पुठ्ठ्याचे तुकडे काढले, एक हिरवा आणि एक लाल. बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं ते करून दिले होते. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. कॉफी हवी का, गार वाटतं का, बाहेर जायचं का. यात ट्राउगोट कधी म्हणजे कधी चुकत नसे. तोंडून काहीही निघो, त्याला कळत सगळं होतं.

"ट्राउगोट, इकडे बघ. तो बेदाणा राहू दे." तिनं दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवले. "पाळकसाहेब तुला परत मंडळीत घ्यायचं म्हणतायत. तू गेलास की घंटा वाजेल. हे माझं म्हणणं नाही, त्यांचं आहे... नाही, माझंही आहे. तुला माहितीच आहे. पण उत्तर तू दे. जायचंय परत?"

ट्राउगोटनं बेदाणा बशीत ठेवला. बोटं पुसली. मग हिरवा तुकडा उचलला.

मर्क्लेचा चेहरा उजळला.  ट्राउगोट मर्क्लेकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता, बराच वेळ. मग त्यानं हिरवा तुकडा खाली ठेवला आणि लाल उचलला. तोही हातात धरून तिच्याकडेच बघत राहिला. मग तोही ठेवला. शेवटी दोन्ही तुकडे एकावर एक नीट ठेवून, कडा जुळवून, त्यानं ते टेबलावरून सरकवत पाळकाच्या कपापाशी नेले आणि तिथे सोडले. खुर्चीत मागे टेकला. परीक्षा घेऊन झाल्यावर विद्यार्थ्याला 'निघा आता' म्हणावं, तसा.

"थकलेत ते," मर्क्ले म्हणाला. "मी पुढच्या आठवड्यात येतो."

"थकलेला नाही तो." गेर्लिंडेला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही आला, दोन्ही एकदम. "हेच उत्तर आहे त्याचं. तीन पुस्तकं लिहिलीत त्यानं यावर. आयुष्यभर सगळ्यांना हेच दिलंय, मलासुद्धा. तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

"मग... घंटा..."

"नाही वाजणार."

"आणि पत्रकात काय लिहू?"

"लिहा, रेन्त्सांकडचे ब्रेत्झल ताजे होते."

मर्क्ले टोपी घेऊन गेला. भला माणूस, जाताना दार हळू ओढून घेतलं त्यानं. गेर्लिंडेनं पेले गोळा केले, कप गोळा केले, स्वयंपाकघरात नेऊन धडाधड आपटले. भांडी धुण्याच्या कुंडीत गरम पाणी सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून बोलत सुटली.

"एक हिरवा तुकडा! उचलला होतास हातात! मी बघितलं ना, माझ्यासाठी उचललास. मग धरून ठेवायला काय झालं होतं? कुणाचं काय जाणार होतं? तुझ्या त्या दाराला कुलूप लागलं असतं का? मी येणारेय तुझ्यामागून चालत, मी! तू नाही! कुत्रं मेल्यासारखं नेणार तुला, आणि बायर्लेबाई पडद्याआडून बघणार!"

 हात पाण्यात, पेला हातात, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला तिसरा हात नाही. ती तशीच कुंडीवर वाकून रडली, वाढदिवसाच्या दिवशी, भर दुपारी.

मागे वॉकरची चाकं कुरकुरली. ट्राउगोट दारापर्यंत आला, तिथे अडखळला, आत आला. तिच्या शेजारी उभा राहिला. तोंड उघडलं. "गे..." म्हणाला. "गे..." मग ओठ आवळले, आणि मग प्रभूची प्रार्थना सुरू झाली.

'बास!' असं ओरडायला ती वळलीच होती. खिडकी उघडी हवी असेल, नाहीतर मीठ. पण त्याचा आवाज सकाळचा नव्हता. खुर्चीमागे उभं राहून म्हणायचा तो खडा आवाजच नव्हता. हळू होता, तापानं फणफणलेल्या पोराशी बोलावं तसा. एकेक ओळ झाली की तो थांबत होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले होते की एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत आपोआप जातं. हे आपोआप जात नव्हतं. अर्ध्यावर येऊन तो थांबला, चांगला हात तिच्या मानेवर ठेवला, तिचा हुंदका ओसरेपर्यंत वाट बघितली, आणि मग पुढची ओळ म्हणाला.

कुंडीतलं पाणी गार झालं. गेर्लिंडेनं हात बाहेर काढले नाहीत. त्याचं बोलून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.