सोनेरी चमकी

प्राणिसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत चिमीचं अर्धं आयुष्य शेण वाळवण्यात जात होतं, आणि त्या वासापायी तिच्याबरोबर डबा खायला कुणी बसत नसे. मादी गाभण आहे की नाही, हे शेणातल्या हार्मोनवरून कळतं. पण आधी ते ओव्हनमध्ये वाळवायचं, कुटायचं, चाळायचं आणि मग अल्कोहोलमध्ये घुसळायचं. नुसत्या वाळण्यातच दिवस मोडायचे.

या वेळी तेवढी सवड नव्हती. दोन जिराफ माद्यांपैकी एक दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाला द्यायची होती आणि ट्रक सोमवारी येणार होता. गाभण नसेल तीच पाठवायची, कारण प्रवासाच्या धक्क्यांनी पोटातलं पिल्लू दगावू शकतं. रिपोर्ट नसेल तर ट्रक पुढच्या महिन्यात, असं साहेब म्हणाले. चिमीला मात्र कधीपासून वाटत होतं, की वाळवण्याची गरजच नाही; ओलं शेण थेट अल्कोहोलमध्ये हलवावं आणि त्यातल्या पाण्याचा हिशेब वेगळा धरावा. जुन्या नमुन्यांवर तिने ताडून पाहिलं. आकडे जुळले, तशी ती साहेबांना छाती पुढे काढून म्हणाली, "रिपोर्ट उद्या देते."

नमुने आणायचे होते तिच्या सख्ख्या भावाने. दादा जिराफांची देखभाल करायचा. दोघींपैकी लाडीला त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. वहिनी म्हणायची, "आमच्या ह्यांना दोन मुली, एकीची उंची जरा जास्तच आहे." दुसरीला सगळे ठेंगणी म्हणायचे; ठेंगणी म्हणजे काय, तीही दारात मावत नव्हती. दोघी एकत्रच राहायच्या, म्हणून कुणाचं शेण कुठलं ते कळावं यासाठी दादा खुराकात न पचणारी चमकी मिसळायचा. लाडीला सोनेरी, ठेंगणीला निळी.

"सोनेरीवाली गाभण निघते की नाही बघ," पिशव्या ठेवत दादा म्हणाला आणि थांबला नाही.

एरवी चिमी रंग बघून नाव टाकायची आणि लेंड्या तशाच ओव्हनमध्ये सारायची. आज ओल्या लेंड्या हाताने फोडाव्या लागल्या. सोनेरी लेंडी फोडली, तर आत निळी चमकी. दुसरी फोडली, तीही तशीच. निळ्या पिशवीतल्या लेंड्यांच्या पोटात सोनेरी.

पोटातून आलेला रंग आतलाच, म्हणून त्यावरून नावं टाकून तिने तपासणी केली. ठेंगणी गाभण होती, लाडी नव्हती. तिने दादाला बोलावून घेतलं.

"दादा, चमकी बाहेरून कधीपासून लागायला लागली?"

टेबलावरच्या फोडलेल्या लेंड्या पाहून तो खुर्चीत बसला.

"ठेंगणी गाभण आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"अंदाज होता. ती दणकट आहे गं. तिने सोसलं असतं."

"आणि पिल्लाने?"

चिमीला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त त्याची दया येत होती.

"मी घाई केली नसती तर लाडी महिनाभर तरी राहिली असती," ती म्हणाली.

"आज ना उद्या जाणारच होती. तू खरं तेच लिही." त्याने डोळे पुसले आणि खुराकाची वेळ झाली म्हणून निघून गेला.

सोमवारी लाडी ट्रकमध्ये चढेना. शेवटी दादाच पुढे झाला, तेव्हा ती निमूट त्याच्या मागोमाग गेली. खाली उतरल्यावर त्याने न्यायला आलेल्या माणसाच्या हातात एक डबा दिला.

"हिच्या खुराकात ही सोनेरी चमकी घालायची."

"आमच्याकडे ही एकटीच असणार," तो माणूस म्हणाला. "ओळखायला चमकी कशाला?"

"तरी घाला," दादा म्हणाला.